ब्रदरांचा खर्च कुणी उचलायचा?

कॅथलिक धर्मगुरू घडायला दहाएक वर्षे लागतात. बारावी किंवा पदवी झाल्यावर मुलगा धर्मप्रांतातर्फे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, दाखल होतो. मग पूर्वतयारीचे वर्ष, दोन-तीन वर्षे तत्त्वज्ञान, मध्ये एखादे वर्ष एखाद्या चर्चमध्ये किंवा वसतिगृहात प्रत्यक्ष काम, त्यानंतर तीन-चार वर्षे ईशज्ञान, मग डीकनपद आणि सरतेशेवटी गुरुदीक्षा. या साऱ्या काळात लोक त्याला ‘ब्रदर’ म्हणतात. नाताळात तो गायनवृंदात उभा असतो, मे महिन्यात मुलांचे शिबिर घेतो, आणि जून उजाडला की पुन्हा सेमिनरीत परततो. त्याचे जेवण, पुस्तके, दवाखाना, परीक्षेचे शुल्क, सुट्टीत गावी जाण्याचे एसटीचे भाडे हे कोण भरते, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडतो. ‘ते चर्च बघते’ एवढ्यावर विषय मिटतो. पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या पुनावळे, वाकड, रावेत, ताथवडे या पट्ट्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेकडो कॅथलिक कुटुंबे फ्लॅट घेऊन स्थिरावली आहेत. कुणी वसईचे, कुणी मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, तर कुणी नगर जिल्ह्यातून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेल्या आईवडिलांची दुसरी पिढी. रविवारी मिस्सेला धर्मगुरू असावेत, बाळाच्या बाप्तिस्म्याला, घरच्या आजाऱ्याजवळ, मातीला ते वेळेवर यावेत अशी या सर्वांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की जो धर्मगुरू आपल्याला हवा आहे त्याच्या घडणीचा खर्च आपण प्रापंचिकांनी उचलला पाहिजे. तो सगळ्यांनी मिळून, कुणालाही ऋणी न करता, हिशेब मागून आणि त्या मुलाच्या घडणीत स्वतः हात घालून उचलला पाहिजे. यातला पैशाचा भाग सगळ्यात सोपा आहे.

हा विचार पुण्याच्या परिसरात मांडायला खास कारण आहे. नगर रस्त्यावर रामवाडीला पेपल सेमिनरी आहे; देशभरातल्या धर्मप्रांतांचे ब्रदर तिथे राहतात आणि शेजारच्या ज्ञानदीप संस्थेत शिकतात. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये ती श्रीलंकेत कँडीला स्थापन केली आणि भारत व श्रीलंका स्वतंत्र झाल्यावर १९५५ मध्ये ती पुण्याला आली. भारताच्या तारणाची सेवा भारताच्याच पुत्रांनी करावी, हा तिच्या स्थापनेमागचा विचार. आज हे वाक्य कुणालाही साधे वाटेल. त्याआधीची तीनशे वर्षे मात्र ते साधे नव्हते. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा मिळण्याची शक्यता दिसेना, तेव्हा ते थेट रोमला गेले, १६३० मध्ये तिथे धर्मगुरू झाले आणि पुढे बिशपही झाले. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटो बंडात गोव्याचे धर्मगुरू पुढे होते, त्यामागे स्थानिक पाद्रींना मिळणारी दुय्यम वागणूक हे एक मोठे कारण होते. राशोलच्या सेमिनरीने पिढ्यान्‌पिढ्या गोवेकर धर्मगुरू घडवले, पण मोठ्या जागा बहुधा पोर्तुगिजांकडेच राहिल्या. थोडक्यात, आपल्या मातीतला धर्मगुरू हा हक्क फार उशिरा मिळाला. जो हक्क इतका भांडून मिळवला, त्याचा खर्च मात्र बराच काळ परदेशातूनच येत राहिला, ही त्यातली विसंगती आपण नीट पाहिलेली नाही.

बाहेरचा आधार अचानक कसा तुटतो हे या प्रदेशाने पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर तिथले युरोपीय संघीय धर्मगुरूही निघून गेले. मागे उरलेल्या ख्रिस्ती समाजाची देखभाल मुख्यत्वे गोव्याच्या आणि स्थानिक धर्मगुरूंनी केली. वसईचा कॅथलिक समाज आज मराठीत प्रार्थना करतो त्यामागे त्या माणसांचे श्रम आहेत. पहिल्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. मुंबई-पुणे मिशनचा बहुतेक कारभार जर्मन जेझुइटांकडे होता. १९१४ नंतर ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे मायदेशी धाडण्यात आले. ‘निरोप्या’ हे मराठी मासिक १९०३ मध्ये सुरू करणारे हेन्री डोरिंग तेव्हा पुण्याचे बिशप होते. युद्धानंतर त्यांना जपानमध्ये हिरोशिमाला नेमण्यात आले. पुण्याला परतायला त्यांना १९२७ साल उजाडले. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली नवी चर्चे त्या वर्षांत कशी तग धरून राहिली असतील याचा विचार केला, की परावलंबनाचा अर्थ कळतो. तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली: एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि असा सारा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतूनच यावा असे ठरले. कायदा योग्य की अयोग्य हा इथला प्रश्न नाही. परक्या देशातल्या कुणा श्रद्धाळू आजीच्या देणगीवर आपल्या सेमिनरीची भाकरी अवलंबून ठेवणे आता शहाणपणाचे नाही, आणि सुस्थितीतल्या समाजाला ते कधीच शोभणारे नव्हते.

प्रापंचिकांनी हा भार उचलण्याची कल्पना मुळात दोन स्त्रियांची. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या काँ शहरातल्या जान बिगार आणि त्यांची आई स्तेफानी यांना नागासाकीच्या बिशपांचे पत्र आले: धर्मगुरू होऊ इच्छिणारी मुले आहेत, त्यांना सांभाळायला पैसा नाही. या मायलेकींनी स्वतःचे राहणे अगदी साधे करून टाकले, दारोदार मदत मागितली आणि मिशनमधल्या सेमिनरींसाठी जी संस्था उभी केली तिला १९२२ मध्ये पोपने आपली संस्था म्हणून मान्यता दिली. संत पीटर प्रेषिताच्या नावाने ती आजही जगभरातल्या सेमिनरींना मदत करते. धर्मगुरू नसलेल्या, तेव्हाच्या समाजात मताचा अधिकारही नसलेल्या दोन बायकांनी उभारलेले हे काम आहे, हे आपल्या चर्चमध्ये फारसे सांगितले जात नाही. ते सांगितले जायला हवे.

पण या प्रकारच्या मदतीतून एक रीत रुजली, आणि तिच्याविषयी मला गंभीर शंका आहे. ती म्हणजे मुलाला ‘दत्तक’ घेणे. एक दाता, एक मुलगा, एक फोटो. वर्षाकाठी एक पत्र, नाताळला शुभेच्छा, आणि गुरुदीक्षेच्या दिवशी पहिल्या रांगेतली खुर्ची. देणाऱ्याला यात समाधान असते, ते मी नाकारत नाही. चेहरा दिसला की हात सैल सुटतो हेही खरे. पण त्या मुलाच्या बाजूने पाहा. सेमिनरीतली वर्षे ही पारख करण्याची वर्षे असतात. आपल्याला खरोखर पाचारण, म्हणजे धर्मगुरू होण्याची देवाची हाक, आहे का, हे त्याने तपासायचे असते आणि सेमिनरीनेही. काही जण मध्येच बाहेर पडतात, आणि ते पडू शकतात म्हणूनच जे राहतात त्यांच्या निर्णयाला किंमत असते. आता ज्याच्या डोक्यावर एका कुटुंबाचे सात वर्षांचे उपकार आहेत, ज्याचा फोटो त्यांच्या देव्हाऱ्याजवळ लावलेला आहे, तो आठव्या वर्षी ‘मला हे जमणार नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणेल? त्याच्या गावात आधीच लोक वाट पाहत आहेत. आईने नवस केला आहे. त्यात दात्याचे ओझे पडले, की तो गप्प राहतो, वेदीपुढे पालथा पडून दीक्षा घेतो, आणि उरलेले आयुष्य एका न झालेल्या निर्णयाचे फळ भोगतो. त्याच्याबरोबर ते फळ त्याच्या चर्चचे लोकही भोगतात. मुलगा सोडून गेला तर आपला पैसा वाया गेला असे ज्याला वाटते, त्याने पैसा देऊ नये. सोडून जाण्याची मोकळीक हाच त्या पैशाने विकत घेण्याजोगा सर्वांत मोलाचा भाग आहे.

यावर तोडगा आपल्याच समाजाच्या जुन्या सवयीत सापडतो. गरीब विद्यार्थी पुण्यात शिकायला यायचा आणि वार लावून जेवायचा: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात घरांचे सात वार. त्या पद्धतीत दोष होते. ती जातीच्या भिंतीआड चालायची, आणि परक्या पंगतीत मान खाली घालून जेवण्याची सल अनेकांना जन्मभर राहिली. तरीही तिच्यात एक शहाणपण होते. सात घरे एका मुलाला जगवत होती, त्यामुळे तो कोणत्याही एका घराचा होत नव्हता. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली तीही समाजाच्या आधारावर. कीर्तनकाराच्या शिक्षणाचे पालकत्व कुणा एका धनिकाकडे न जाता वारकरी समाजाकडे राहिले. पुनावळ्याहून आळंदी काही दूर नाही. इंद्रायणीकाठी जे शंभर वर्षे चालत आले आहे, ते पवनेकाठच्या कॅथलिकांना अशक्य नसावे. प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) दरमहा ठरावीक रक्कम एका सामाईक निधीत टाकावी. कुणी पन्नास रुपये द्यावेत, कुणी पाच हजार. निधीतून कोणत्या ब्रदरचा खर्च झाला हे देणाऱ्याला कळू नये, आणि आपला खर्च कुणी केला हे ब्रदरला कळू नये. त्याने ऋण मानायचेच असेल तर सगळ्या समाजाचे मानावे. ते फेडणे त्याच्या हातात असते, मग तो धर्मगुरू होवो, शिक्षक होवो वा आणखी कुणी.

हा नवा शोध नाही. ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये सेमिनरी उभारण्याचा आदेश दिला तेव्हाच गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, श्रीमंतांची मुले घ्यायला हरकत नाही पण त्यांनी आपला खर्च आपण करावा, आणि बाकीचा भार चर्चच्या उत्पन्नांवर बसवावा असे ठरवले होते. चर्चच्या आजच्या धर्मविधीसंहितेतही (कॅनन लॉ) सेमिनरीसाठी धर्मप्रांतातल्या संस्थांवर कर बसवण्याचा अधिकार बिशपांना आहे, आणि पाचारणांना खतपाणी घालणे हे सबंध ख्रिस्ती समाजाचे कर्तव्य आहे असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट म्हटले. कागदावर सगळे आहे. आपण मात्र पाचारण रविवारी फिरणाऱ्या पाकिटात नोट सरकवतो आणि कर्तव्य झाले असे धरतो. उलट गुरुदीक्षेच्या दिवशी मंडप, रोषणाई, बँड, हजार माणसांचे जेवण यांसाठी अख्खे गाव पिशवी मोकळी करते. मला त्या आनंदाचा हेवा नाही. पण दहा वर्षे विसरलेल्या मुलाचा एक दिवस एवढा थाट करणे हे कुठेतरी आपल्याच समाधानासाठी असते.

आता पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप. चर्चकडे जमिनी आहेत, नामवंत शाळा आहेत, मग सामान्य माणसाच्या हप्ते फेडून उरलेल्या पगारावर डोळा कशाला? आक्षेप घेणारा बहुधा स्वतः तीन खोल्यांच्या फ्लॅटचे कर्ज फेडत असतो, आणि शाळाप्रवेशाच्या वेळी त्याच चर्चच्या शाळेत त्याने रांग लावलेली असते. त्याचा राग मी समजू शकतो. पण जमीन म्हणजे रोख पैसा नव्हे. बहुतेक मालमत्ता विश्वस्त संस्थांच्या नावे, ठरावीक हेतूंसाठी असते; ती धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि विकू नयेच. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देते, तो पैसा सेमिनरीकडे वळत नाही, वळूही नये. शिवाय समजा, एखाद्या धर्मप्रांताकडे भाड्याचे एवढे उत्पन्न असले की त्याला लोकांच्या पैशाची गरजच उरली नाही. अशा ठिकाणी तयार होणाऱ्या धर्मगुरूला लोकांशी काय बांधिलकी वाटेल? लोकांच्या घामाच्या पैशावर जो शिकला त्याला उत्तरदायित्व शिकवावे लागत नाही.

मात्र हा आक्षेप पूर्ण खोडून काढता येत नाही, आणि मला तो खोडायचाही नाही. त्याच्या पोटात एक न्याय्य मागणी आहे: हिशेब. धर्मविधीसंहितेनुसार प्रत्येक धर्मप्रांताला आणि प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असणे सक्तीचे आहे. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात लेखापाल, बँक कर्मचारी, कंपन्यांच्या खरेदी विभागात आयुष्य घालवलेले कॅथलिक पैशाला पासरी आहेत. त्यांतले दोघे-तिघे या समितीत बसले, सेमिनरीचा वर्षाचा खर्च एका पानावर मांडून चर्चच्या फलकावर लावला, एका ब्रदरमागे जेवणाला किती, पुस्तकांना किती, औषधाला किती हे लोकांना दिसले, तर निम्मी कुरकुर थांबेल. उरलेली निम्मी न्याय्य असेल, आणि तिला उत्तर द्यावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वेदनादायक आहे. गेल्या काही दशकांत जगभर धर्मगुरूंकडून मुलांचे, स्त्रियांचे शोषण झाल्याची आणि ते दडपले गेल्याची प्रकरणे उघड झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांना त्यासाठी जगभरच्या बिशपांच्या प्रतिनिधींची बैठक रोममध्ये बोलवावी लागली. अशा व्यवस्थेला आणखी पैसा का पुरवायचा, असे एखादी आई विचारते तेव्हा तिला श्रद्धेचे धडे देणे हा तिचा अपमान आहे. माझे उत्तर असे: त्या प्रकरणांतला रोग बंद दारांआड वाढला. पुरुषांनी पुरुषांना, धर्मगुरूंनी भावी धर्मगुरूंना, बाहेरच्या वाऱ्याशिवाय घडवल्यावर आपण वेगळ्याच जातीचे आहोत ही भावना तयार होते. ती मोडायची तर प्रापंचिकांनी, विशेषतः स्त्रियांनी, सेमिनरीच्या आत जायला हवे. २०१६ मध्ये रोमने धर्मगुरूंच्या घडणीविषयी जे नवे मार्गदर्शन प्रसृत केले त्यात कुटुंबांचा, प्रापंचिकांचा आणि स्त्रियांचा या घडणीत वाटा असल्याचे मान्य केले आहे, आणि २०२४ च्या धर्मसभेच्या (सिनॉडच्या) अंतिम दस्तऐवजानेही स्त्रियांच्या ठळक उपस्थितीचा आग्रह धरला आहे. दार किलकिले झाले आहे. ते ढकलायचे आपण ठरवले पाहिजे. पैसा थांबवून बाहेर उभे राहिलो तर आतले तसेच राहील.

आत जाऊन करायचे काय? चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या कामगाराच्या घरी ब्रदरने महिनाभर राहावे. तिसरी पाळी करून माणूस सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो, मुले शाळेला निघालेली असतात, बायको डबा भरून स्वतःच्या कामाला चाललेली असते; दिवसा झोपायला एकच खोली, खिडकीला चादर अडकवलेली, आणि रविवारीसुद्धा सुट्टी मिळेलच याची खात्री नाही. हे ज्याने पाहिले तो ‘मिस्सेला का येत नाही’ असा प्रश्न व्यासपीठावरून रागाने विचारणार नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या, नोकरी गेल्याचे घरी अजून न सांगितलेल्या तरुणाशी कसे बोलावे हे पाठ्यपुस्तक शिकवत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा काय सांगतो हे त्याला वकील बाईंनी शिकवावे, निराशेची लक्षणे डॉक्टरांनी. त्याच्या प्रवचनावर प्रामाणिक मत दोन गृहिणींनी द्यावे. यासाठी पैसे लागत नाहीत, वेळ लागतो, आणि तो देणे आपल्याला पैशाहून जड जाते.

आपल्या आधाराचा एक प्रकार याहूनही अदृश्य असतो. लिझ्यूच्या संत तेरेझा मठात होत्या, त्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता. १८९५ मध्ये मोरिस बेलिएर नावाच्या सेमिनरीतल्या तरुणाला प्रार्थनेसाठी त्यांच्यावर सोपवण्यात आले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, क्षयाने खंगत असतानाही, त्या त्याला पत्रे लिहीत राहिल्या. तो धर्मगुरू होऊन आफ्रिकेत गेला, आजारी होऊन परतला आणि १९०७ मध्ये तरुणपणीच वारला. यशाच्या हिशेबात हे बसत नाही. तरी त्या पत्रांचे मोल कमी होत नाही.

राहिला प्रश्न, पैसा कुणाला द्यायचा. या पट्ट्यात लॅटिन, सिरो-मलबार, सिरो-मलंकारा अशा तीनही परंपरांचे कॅथलिक आहेत. कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला, आणि खडकीला २०१५ पासून सिरो-मलंकारांचे स्वतःचे पीठ आहे. केरळहून आलेले कुटुंब आपल्या मूळ गावच्या सेमिनरीला पाठवते, मंगळूरचे मंगळूरला. मायभूमीची ओढ नैसर्गिक आहे. तरी ज्या शहरात आपण कमावतो, तिथल्या मराठी चर्चचे काही देणे लागतो. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या भागांतून आलेल्या मुलांकडेच उद्याची मराठी मिस्सा असणार आहे. आपल्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या, कंत्राटी काम करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना इंग्रजी प्रवचन कळत नाही. नगरकडची बहुतेक कॅथलिक कुटुंबे दलित आहेत, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. इतर दलितांना त्या यादीमुळे मिळणारी शिष्यवृत्ती त्यांना नाही. अशा घरातला हाताशी आलेला मुलगा सेमिनरीत जातो तेव्हा ते घर दहा वर्षांची त्याची कमाई सोडून देते. आपण निधीत जे टाकतो ते या घराने आधीच टाकलेल्या रकमेपुढे फार थोडे आहे.

म्हणून त्या निधीचा एक भाग या आईवडिलांसाठी राखून ठेवावा असे मला वाटते. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही, पण त्याचे मानधन इतके तुटपुंजे असते की म्हाताऱ्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची तर त्याला कुणापुढे तरी हात पसरावा लागतो. म्हणून या आईवडिलांचा आरोग्य विमा काढावा, आणि मुलगा सेमिनरीत दाखल होईल त्याच महिन्यापासून काढावा. मुलगा पुढे धर्मगुरू झाला नाही तरी हा विमा बंद करू नये.